ऊन तळहात

मंगळवार, दिनांक नऊ सप्टेंबर, सकाळी साडेअकरा वाजता, सांगली येथील पादचिकित्सा परिषदेच्या दालनात वामन खळदकर परवान्याच्या अखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेस उभे राहिले. बावीस वर्षे त्यांनी इस्पितळात मधुमेह्यांच्या पायांची मलमपट्टी केली होती. नव्या नियमानुसार आता परवान्याविना तेवढेही करणे त्यांना निषिद्ध होते.

परिषदेने बोलावलेली वृद्धा डोळे मिटून बसली होती. तिच्या तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवून संवेदना तपासायची होती. बधिर पायालाही गार हात लावू नये, हा खळदकरांचा जुना नेम. त्यांनी आधी तळहात चोळून ऊन केले. तो आवाज ऐकताच म्हातारीने डोळे उघडले.

“अगं बया, दादा, तुमी! अहो साहेब, ह्यांची कसली परीक्षा घेताय? मोठ्या डॉक्टरांनी माझा पाय कापायला काढला हुता. ह्या दादांनीच पातं घेऊन सडकं मांस खरवडलं, म्हणून आज चालत आले!”

“कधीची गोष्ट?” परीक्षा घेणाऱ्या अध्यक्षांनी लेखणी उचलली.

“झाली की चार वर्षं.”

“खळदकर, पाते चालवण्याचा अधिकार तेव्हाही डॉक्टरांनाच होता. ही म्हणते ते खरे आहे?”

म्हातारीचे वय झाले आहे, एवढे म्हटले असते तरी भागले असते. खळदकरांनी तिच्या पायाच्या शाबूत पाच बोटांकडे पाहिले.

“खरे आहे.”

अध्यक्षांनी वाकून तो पाय बराच वेळ निरखला.

“जखम उत्तम भरली आहे,” ते म्हणाले. “उमेदवार अपात्र.”