लग्नाची परवानगी

"शिक्क्याची प्रत आहे," भाच्याने कागद टेबलावर आपटले. "सकाळीच कोर्टात दाखल केली."

आत्याने त्याला बस म्हटलं नाही. सहा वर्षं दोघांमध्ये विस्तव जात नव्हता, आणि कारण हे घर. मृत्युपत्रात आजोबांनी ते 'लग्नाच्या बायकोपासून झालेल्या संततीला' दिलं होतं. म्हणजे अर्धं आत्याला आणि अर्धं त्याच्या वारलेल्या वडिलांमागे त्याला. त्याला अर्धं नको होतं. त्याला आत्या उंबरठ्याबाहेर हवी होती.

त्यासाठी तीन महिने त्याने बँकेच्या दप्तरखान्यात खेटे घातले होते. दप्तरी 'उद्या या' म्हणायचा आणि हा उद्या जायचा. शेवटी आजोबांच्या नोकरीची फाईल हाती आली, तेव्हा त्याला गुदगुल्या झाल्या.

"एकविसाव्या वर्षी आजोबा कारकून म्हणून लागले," तो वाचू लागला. "पुढची आठ वर्षं शेरा एकच. अविवाहित. मग साहेबांनी लग्नाची परवानगी दिली आणि आजीशी लग्न झालं. सहा महिन्यांत बढती. आजी पायगुणाची होती."

"होती," आत्या म्हणाली.

"पहिली बदली. सोबत कोण? पत्नी, मुलगा वय एक. म्हणजे माझे वडील. दोन वर्षांनी दुसरी बदली. पत्नी, मुलगा वय तीन, आणि मुलगी, वय अकरा." तो मोठ्याने हसला. "दोन वर्षांत अकरा वर्षांची मुलगी! म्हणे मामाकडे वाढली. कुठून उचलून आणलं होतं तुला?"

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. या पोराला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"हे कोर्टात द्यायच्या आधी मला विचारायचं होतंस."

"तुला कशाला? आजीशी लग्न झालं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. लग्नाच्या बायकोची नाहीस तू. सामान बांध."

आत्या उठली. कपाटातून तिने एक पिवळा पडलेला कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. सरकारी विवाह नोंदणी होती. वराचं नाव आजोबांचं. तारीख नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली. वधूचं नाव आजीचं नव्हतं.

"तेव्हा परवानगीशिवाय लग्न केलं की कारकुनाची नोकरी जायची," ती म्हणाली. "म्हणून आईला आणि मला दुसऱ्या गावी ठेवलं होतं. बाबा दर रविवारी यायचे. मग साहेबांनी स्वतःच्या पुतणीचं स्थळ आणलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. द्यायची हिंमत झाली नाही त्यांची."

भाच्याने कागद उलटून शिक्का तपासला. "हा कागद आजवर का नाही दाखवलास?"

"तुझ्या बापाला पाठचा भाऊ मानलं मी. त्याची अब्रू जाऊ नये म्हणून. आता तूच मला दुसरी वाट ठेवली नाहीस."

तो घाईने तारखांचा हिशेब लावू लागला. "म्हणजे ही पहिली बायको वारली, आणि मग आजोबांनी आजीशी—"

"माझी आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते," आत्या म्हणाली. "तुझा बाप दोन वर्षांचा होता."