शेजारची गादी

विम्याचे साहेब मुंबईहून आगबोटीनं आले आणि महिपतच्या सर्व्हिस मोटारीभोवती फिरले. काचा फुटलेल्या, गाद्या पाठीतून चिरलेल्या. त्याची बायको गोदा खारवायचे बांगडे चिरते तशाच. “दुश्मनाचंच काम!” साहेब महिपतला म्हणाले. “नाव सांगा, भरपाई मिळेल.” गोदा दारात बसली होती. शिमग्यात जादा फेरीच्या नादात महिपतनं गुहागरच्या वळणावर मोटार दामटली आणि शेजारी बसलेला त्यांचा लेक दरीत फेकला गेला. तेराव्यानंतर त्यानं पुन्हा उतारू भरले, तेव्हापासून ती त्याच्याशी बोललेली नव्हती. “गंमत बघा,” साहेब म्हणाले, “ड्रायव्हरशेजारची गादी तेवढी शाबूत!” महिपतनं वाकून पाहिलं. तिच्यावर काचेचा कणही नव्हता. कुणीतरी हातानं पुसली होती. “लिवा नाव,” तो म्हणाला, “महिपत.” “अहो, मालकानंच फोडली तर छदामही मिळणार नाही!” “म्हायत हाय.” दारातून गोदा बोलली, “पोराला मारणाऱ्याचंही तेच नाव लिवा, साहेब.”