चुकीचा जोडीदार

“विवेकशील!” तामाकी मंचावरच किंचाळली. “विवाहशील नव्हे! मनुष्य हा विवेकशील प्राणी आहे!”

“बरं,” इवाकी थंडपणे म्हणाला. “मग ज्याचं लग्न झालं नाही, तो कुठला प्राणी?”

ओसाकाच्या त्या छोट्या थिएटरात दुपारच्या खेळाला आलेल्या म्हाताऱ्या बायका हसून हसून खुर्च्यांतून घसरायच्याच बाकी राहिल्या. तामाकी कानापर्यंत लाल झाली. चौतिशी उलटली होती, लग्न झालेलं नव्हतं. तिनं इवाकीच्या टकलावर अशी चापट हाणली की मागच्या रांगेलाही ऐकू गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तामाकी मिसोनो तत्त्वज्ञानाची डॉक्टर होती. प्रबंधाचा विषय होता हास्य. विद्यापीठातली नोकरी सोडून ती मंचावर दोघांनी मिळून लोकांना हसवायच्या या धंद्यात उतरली, त्या दिवसापासून आईनं तिचा फोन घेतलेला नव्हता. लोकांना चार शहाणे विनोद ऐकवावेत, एवढीच तिची इच्छा. आणि जोडीदार कोण मिळाला? सार्वजनिक स्नानगृहात फरशा घासणारा, शाळा अर्ध्यात सोडलेला इवाकी. त्यानं मूर्खासारखं बोलायचं, तिनं त्याला सुधारायचं, असं ठरलेलं. पण तिनं महिना महिना घासूनपुसून लिहिलेलं एक वाक्य तो धड बोलेल तर शपथ.

“तीन वर्षं झाली,” खेळ संपवून मंचामागे येताच ती कडाडली. “पोपटसुद्धा एव्हाना शिकला असता!”

“चुकलं खरं.” इवाकीनं नूडल्सचा वाडगा तोंडाला लावला. “फार अवघड लिहिता हो तुम्ही, डॉक्टरबाई.”

“आणि ते हसणारे! तुझ्याच लायकीचे सगळे.”

ती तरातरा थिएटरच्या व्यवस्थापक कुरामोचीबाईंच्या खोलीत गेली.

“बरं झालं आलात,” बाई म्हणाल्या. “उद्या मालक तुमचा खेळ बघायला येतायत. पसंत पडला तर मोठ्या थिएटरात कायमची जागा. नाही पडला तर इथलीही गेली.”

“म्हणूनच आले. मला इवाकी नको. मी एकटी उभी राहते.”

“एकटी?”

“लेखन माझं, बुद्धी माझी. त्याचं काय आहे त्यात? टक्कल?”

कुरामोचीबाई चहाचा कप हातात फिरवत राहिल्या. “उद्याचा दिवस निभावून न्या. मग बघू.”

“उद्या एक जरी शब्द चुकला ना, तर मालकांसमोर उभा सोलीन त्याला. सांगून ठेवते.”

“खुशाल सोला,” बाई म्हणाल्या.

दार धाडकन आपटून तामाकी गेली. जिना उतरून ती रस्त्याला लागल्याचं खिडकीतून दिसलं. थोड्या वेळानं इवाकी आत आला, कमरेत वाकला आणि घडी घातलेला एक कागद त्यानं टेबलावर ठेवला.

कुरामोचीबाईंनी चष्मा लावला. कागदावर बारीक, नेटक्या अक्षरांत उद्याच्या चुका लिहिल्या होत्या. एकवीस. प्रत्येकीपुढे, तामाकी त्यावर काय ओरडेल, तेही.

“आता तिला सांगून टाकू या का रे?” बाईंनी विचारलं.

“नको हो,” इवाकी म्हणाला. “ती खरीखुरी चिडते म्हणून चाललंय. अभिनय तिला कुठे येतो!”