व्हीखालची रेघ

डावखुऱ्यांची कात्री, त्याने तिच्यासाठी शाळेच्या कपाटातून लांबवलेली.

कोर्टातला एक फोटो. वासराची मांडी, केस भादरलेले, कातडीवर डागलेला इंग्रजी व्ही आणि खाली आडवी रेघ.

"वीस वासरं झाली तुझी, की लग्न," शाळेच्या बसमध्ये नोरीन म्हणाली होती. लायलकडे अकरा होती.

तुरुंगाची भेटवही. दोन वर्षांत चार सह्या. चारही त्याच्या आईच्या.

मे महिना. मोंटानातल्या नोरीनच्या कुरणावर डागणीचा, वासरांवर मालकाची खूण उमटवायचा दिवस.

शेजारपाजारचे आपापले घोडे घेऊन आले होते. डागणीला तिथे कुणी कुणाला बोलवत नाही. यायचं, राबायचं, पोटभर जेवून जायचं. लायल मात्र मार्चपासून इथेच होता. गाई वितात तेव्हा हात कमी पडतात, म्हणून नोरीनने त्याला पत्र टाकलं होतं. हात कमी पडत होते हे खरं. पण तेवढ्यासाठी एकोणीस वर्षांपूर्वीच्या शाळासोबत्याला कुणी तीनशे मैलांवरून बोलवत नाही, हेही खरं. आईची अंगठी लायलच्या खिशात होती.

म्हातारा गुंडरसन कुंपणावरून ओरडला, "लायल, यंदा माझी वासरं मोजून ठेवलीत बरं का! माझ्या व्हीखाली रेघ मारून स्वतःची करायची खोड गेली ना तुझी?"

सगळे खिदळले. लायलही हसला. "तुमचा व्ही इतका वाकडा, काका. कोण चोरेल?"

"तेव्हा नऊ चोरलेस की, लेका!"

नोरीनकडे अजून आजोबांची रीत होती. तयार ठसा नाही; सरळ सळई तापवायची आणि हाताने दोन आडव्या रेघा ओढायच्या. लायलने वासराचा पाय दाबून धरला. नोरीनने डाव्या हाताने उजवीकडून डावीकडे रेघ ओढली. उचलताना डाव्या टोकाला सळई किंचित घसरली.

"शेपटी फुटली," लायल म्हणाला.

"फुटायचीच. डावखुरी ना मी."

धूर निवळेपर्यंत तो थांबला. मग हळूच म्हणाला, "नोरीन, त्या वर्षाबद्दल तुला काही बोलायचंय?"

"कशाबद्दल?"

"काहीही."

तिने मनगटाने कपाळ पुसलं. "झालं ते झालं रे. माझ्या मनात काही नाही."

तीन महिने तो तिच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायला थांबला होता. ही ती नव्हती.

दुपारी लांब टेबलांवर भाजलेलं मांस, घेवडा, ॲपल पाय मांडला गेला. नोरीनने चमच्याने पेला वाजवला. "मला जरा बोलायचंय."

लायलने ताट खाली ठेवलं. हात खिशात घातला.

"ह्या माणसाने मला फसवलं," नोरीन म्हणाली. "चोराची मैत्रीण म्हणून ह्या गावात मी मान खाली घालून हिंडले. पण आज तुमच्यासमोर सांगते, मी त्याला माफ केलंय. सप्टेंबरात आम्ही लग्न करतोय."

टाळ्या पडल्या. कुणीतरी टोपी उडवली. गुंडरसन डोळे पुसत आला आणि त्याने लायलला छातीशी धरलं. "नशीबवान आहेस, पोरा. तुझी ती चोरी मी केव्हाच विसरलो बघ. अशी बाई शोधून सापडायची नाही."

"खरंय, काका," लायल म्हणाला.

त्याने खिशातून हात काढला. रिकामाच. मग कोठारातून खोगीर उचलून आणलं आणि आपल्या ट्रकमध्ये टाकलं.

नोरीन धावत आली. "काय चाललंय? अरे, सगळ्या गावासमोर माफ केलं तुला! आणखी काय हवं होतं?"

"आता काही नको."

"लायल!"

त्याने टोपीच्या काठाला बोट लावलं आणि ट्रक सुरू केला. फाटकापाशी दोघीजणी ताटं घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "बघितलंस? चोराला माफीसुद्धा पचत नाही."

एकोणीस वर्षांपूर्वी कोर्टात तो फोटो हातोहात फिरला. व्हीखालच्या रेघेला डाव्या टोकाला शेपटी होती. ती पाहून, वकील बोलायच्या आत, अठरा वर्षांचा लायल उभा राहिला आणि म्हणाला, "मीच केलं."