दशमांशाची गाय

परक्या चर्चच्या पाद्र्याचा दशमांश, म्हणजे पिकाच्या दहाव्या हिश्श्याचा कर, आमच्या बटाट्याच्या वाफ्यांवर होता, जमीनदाराच्या शंभर एकर कुरणावर नव्हता. आमच्या गावातल्या ओनोरानं तो भरला नाही, म्हणून तिची गाय जप्त होऊन बाजारात लिलावाला उभी होती.

अख्खा गाव जमला होता आणि गप्प होता. दशमांशाचं जनावर गेल्या दोन-तीन सालांपासून आमच्यात कुणी घेत नाही. गिऱ्हाईक नाही मिळालं, की झक मारत परत सोडतात. मागच्या साली एकानं घेतलं, तर ओनोरानंच त्याला विहिरीवरून हाकललं होतं.

"अरे, एक शिलिंग तरी बोला!" लिलाववाला तिसऱ्यांदा ओरडला.

"चाळीस!"

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. ओनोराचा फिंटन होता. पाच वर्षं लिव्हरपूलच्या गोदीत राबून तो सकाळीच बोटीतून उतरला होता. त्यानं पैसे मोजले, दोर हातात घेतला आणि हसत हसत आईसमोर येऊन उभा राहिला.

"आई, रडू नकोस आता. सोडवली बघ तुझी गाय."

कुणी हललं नाही. फिंटनला ज्यानं चालायला शिकवलं, तो म्हातारा शेजारी पुढं झाला.

"ओनोरा, कोण गं हा?"

तिनं शाल डोक्यावरून पुढं ओढली.

"मला काय माहीत? असेल कुणीतरी परगावचा."

ती चालू लागली. तिच्यामागं सगळा गाव निघाला.

रिकाम्या बाजारात गाय तेवढी ओळखीनं त्याचा हात चाटत राहिली.