सेहऱ्याआडची नवरी

वेबसाइटच्या पहिल्या पानावर मोठा राखाडी चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, 'तुमचा सर्वात सुंदर फोटो इथे टाका.' रुखसार चार दिवस त्या चौकोनाकडे बघत होती.

मांडीवर दीड वर्षाची इनाया झोपलेली. ती झोपली की चाळीस मिनिटं मिळायची. एका हातानं टाईप करायचं, दुसऱ्यानं थोपटायचं. 'माझ्याविषयी' झालं, 'बुकिंग' झालं. फोटो तेवढे नव्हते.

म्हणजे होते. अबूधाबीपासून शारजापर्यंत अकरा लग्नं तिनं काढली होती, सगळी लेडीज हॉलमधली. रत्नागिरी-रायगडकडची घरं तिला बोलवायची ती बाई फोटोग्राफर म्हणून, आणि एका अटीवर: आमच्या बायकांचा एकही फोटो बाहेर जाणार नाही. रुखसारनं शब्द दिला होता, पाळला होता. त्यामुळे तिच्या वेबसाइटवर मेहंदीचे कोन होते, दाराबाहेरच्या चपला होत्या आणि बिर्याणीचं पातेलं होतं.

"लग्नाची साइट आहे की खानावळीची?" सासूबाई, रुकय्या, चष्मा वर करून म्हणाल्या. "आणि साइटच्या नुसत्या नावाचे पन्नास दिरहम? म्हणजे बाराशे रुपये! आमच्यात नाव फुकट ठेवायचे."

रुखसार हसली, पण नजर कॅलेंडरवर गेली. ऑफिसची बिनपगारी रजा महिनाअखेर संपत होती. तोवर एक मोठं लग्न हाती लागलं तर राजीनामा. नाहीतर पहाटे अर्धवट झोपेतल्या इनायाला मोजे चढवायचे आणि नर्सरीच्या दारात तिची बोटं एकेक करून ओढणीतून सोडवायची. नवरा, तहा, मुसाफातल्या वर्कशॉपला निघता निघता म्हणाला होता, "कर तू. मी आहे ना."

"अम्मी, मला एक नवरी पाहिजे," रुखसार म्हणाली. "सेहरा बांधून, चेहरा दिसणार नाही. तुम्ही बसता?"

"या अल्ला! तुझे सासरे गावाला बसून बघतील. म्हणतील, सुनेकडे म्हणून गेली आणि आखातात दुसरं लग्न लावलं!"

मैत्रीण लायबानंही फोनवर हात जोडले. "चेहरा झाकला तरी अब्बू मला हातावरून ओळखतील गं. सॉरी."

स्वतः बसावं तर कॅमेरा कोण धरणार?

शेवटी शुक्रवारी रात्री नवरी मिळाली. तीही दोन अटींवर: अम्मीच्या हातचं मटण-सांदण पोटभर, आणि नाव कुणाला सांगायचं नाही. मेहंदी वाळेपर्यंत रुखसारनं स्वतः घास भरवले.

शनिवारी दुपारी खिडकीतून छान ऊन आलं. रुकय्यांनी आपल्या लग्नातली लाल ओढणी काढून दिली. बांगड्या मात्र चढेनात. साबण लावला, तेल लावलं, दोन फुटल्या.

"राहू दे, एकाच हातात घालू," रुखसार म्हणाली.

रुकय्यांना हसू आवरेना. त्या पदर तोंडात कोंबून गॅलरीत निघून गेल्या. अनोळखी माणूस दिसलं की रडून घर डोक्यावर घेणारी इनाया मात्र सरळ गेली आणि नवरीच्या मांडीत जाऊन बसली.

"प्रिटी!" ती मोगऱ्याच्या माळा ओढत म्हणाली.

"मान खाली," रुखसार कॅमेऱ्यामागून सांगत होती. "अजून खाली. जरा लाजायचं की!"

"आटप गं. मान मोडतेय."

एकशे चाळीस फोटोंतला एक जमला. मोगऱ्याच्या माळांआड झुकलेली मान, मांडीवर जुळवलेले मेहंदीचे हात, उजव्या अंगठ्याशी एवढासा तीळ. राखाडी चौकोन भरला.

पुढच्या रविवारी, साइट बघून, शारजाहून हमीदा खाला थेट घरीच आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात, आणि मोठा मुलगा जमाल अजून बिनलग्नाचा. बसायच्या आधीच त्यांनी नवरीचा फोटो उघडून फोन पुढे धरला.

"ही कुणाची पोर?"

"ओळखीतलीच आहे," रुखसार म्हणाली.

"मान बघ कशी! आजकालच्या पोरी कॅमेरा दिसला की दात काढतात. आमच्या जमालला बावीस दाखवल्या, एक पसंत नाही. काल हा फोटो बघितला आणि जेवायचा थांबला. नाव काय हिचं?"

"सांगणार नाही असा शब्द दिलाय, खाला."

"शब्दाची पक्की आहेस, हे ऐकलंय. म्हणून तर आले." खाला पुढे सरकल्या. "मेहंदीपासून वलिम्याच्या जेवणापर्यंत चार दिवस, फोटो तुझे. पण ही पोर मला आज दाखव."

इनाया टेबलाखाली बसून खारी कुरतडत होती. रुखसारनं तिच्याकडे पाहिलं.

"आणि बघितल्यावर पसंत नाही पडली तर?"

"तरी फोटो तूच काढायचेस. जबान दिली, खलास."

"मग एवढं दाबा." रुखसारनं लॅपटॉप वळवला. बुकिंगचं पान उघडंच होतं. खालांनी नाव सांगितलं, तारखा सांगितल्या आणि स्वतःच्या बोटानं 'कन्फर्म' दाबलं. रुखसारचा फोन टिंगकन वाजला. राजीनामा पक्का झाला.

"यल्ला, बोलव आता. लांब राहते का?"

"नाही. जवळच."

रुकय्या लगबगीनं उठल्या आणि पदर तोंडात धरून गॅलरीत गेल्या.

रुखसारनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, खालांना चहा आणता का?"

वर्कशॉपच्या साबणानं आठवडाभर घासूनही न गेलेल्या मेहंदीच्या हातांनी तहानं ट्रे खालांसमोर ठेवला, आणि उजव्या अंगठ्याशी तीळ असलेल्या हातानं कप उचलून, सवयीनं मान खाली घालून विचारलं, "साखर किती, खाला?"