नडगीवरच्या गाठी

लग्नात विश्वंभरराव जावयाचे पाय धुवायला बसले. सारंगचं धोतर जरा वर सरकलं आणि नडगीवरच्या लाल गाठींना त्यांचा हात लागताच तो कळवळला.

"काही चावलंय का?"

"नाही," सारंग गोंधळून म्हणाला. "आतडं सुजलं की अशा गाठी उठायच्या. पण ते त्या आजारावर पोटात चिप बसवण्याआधी. चार वर्षांत पोट एकदाही दुखलेलं नाही."

"चिपनं सूज जाते, की नुसतं दुखणं?"

आजारच गेला असं धरून सारंगनं औषधं कधीच सोडली होती.

विश्वंभररावांनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्याच आजारासाठी तशीच चिप त्यांच्याही पोटात होती. त्यांनी आपलं सोवळं हळूच गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"महिनाभर मी या गाठींवर हळद लावतोय," ते म्हणाले, "डास चावले समजून."